खरखरीची डबी

९ ऑक्टोबर १९४५, मंगळवार
ताप नाही. कोयनेल संपलं, त्यामुळे कानातल्या घंटाही थांबल्या. आज शेटजींच्या जिनात, कापसाची सरकी काढतात तिथल्या डायनामोला, डबी बसवली.

दसऱ्याला जिनाचा मुहूर्त. आणि पुढच्या बुधवारपासून रेडिओवर जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या शिपायांची नावं वाचणार, आपल्याकडची, संध्याकाळी साडेसहाला. नेमकं तेव्हा जिन सुरू. रस्त्याच्या या बाजूला जिन, त्या बाजूला चावडी, चावडीत सरकारी रेडिओ. डायनामोच्या ब्रशची ठिणगी दिव्यांच्या तारेवरून बाहेर पडते आणि रेडिओत शिरते. माणूस काय बोलतो ते कळत नाही, नुसते फुटाणे भाजल्यासारखं ऐकू येतं. डबीनं ती खरखर वाटेतच अडवून जमिनीत सोडायची.

जबलपूरला दोन वर्षं हेच केलं. लष्करी लॉऱ्यांच्या डब्या तपासायच्या. आधी भट्टीत, मग दमट पेटीत, मग हलत्या पाटावर. तिन्हींतून निघाली तर पास. माझ्या ट्रंकेत नापास झालेले चार कंडेन्सर होते, साहेबाला विचारून आणलेले; दोन या डबीत घातले. मलाही प्लीहा वाढली म्हणून नापास करूनच पाठवलं. तेव्हा सगळा माल एकाच गाडीनं आला म्हणायचा.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्याईचं नाव आलं तं मले ऐकू येईन ना?"
हो म्हटलं.

दादाचं शेवटचं कार्ड सिंगापूरहून. पावणेचार वर्षं झाली. मग छापील कागद आला, बेपत्ता म्हणून. वहिनीनं तो देव्हाऱ्याखाली ठेवला आहे, देव्हाऱ्यात नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
एंजिन तासभर चालवून पाहिलं. चावडीत जाऊन रेडिओ लावला. मुंबई स्वच्छ. कुणीतरी बाई शेतीवर बोलत होती, तिचा खोकलाही ऐकू आला. एंजिनवाले रामाजी खूश. "मिस्त्री, तुम्ही तं जादूच केली बाप्पा." त्यांना म्हटलं, जादू नाही, चार पैशांचा पत्रा आहे. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतं.

१५ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटलं. व. नं, म्हणजे वहिनीनं, नवी साडी नेसली नाही, पण हिरव्या बांगड्या भरल्या. घरात तिसरी आत्या; ती काही बोलली नाही. आत्याचं न बोलणं घरभर ऐकू येतं.

जिनात गेलो नाही. काल खंडेनवमीपासून ताप.

१७ ऑक्टोबर, बुधवार
खरखर. पहिल्या मिनिटापासून.

चावडीत चाळीसेक माणसं. रोहिणखेडहून रहीमचाचा आलेला, सकाळी निघून चालत. त्याचा अजीज दादाच्याच पलटणीत. म्हातारा रेडिओला कान लावून बसला, जणू पेटीत डोकं घातलं की आवाज वेगळा होईल. मधेच एखादं गाव ऐकू यायचं, एखादं आडनाव. आमच्या गावाचं नाव एकदा आलं असं दोघं म्हणाले, दोघं नाही म्हणाले. मी ऐकलं नाही. मी डबीचा विचार करत होतो.

घरी येताना व. म्हणाली, "त्याच्यातच असन नाव. खरखरीत गेलं."
एवढं बोलून ती पुढे चालू लागली. पावलं हलकी होती तिची. मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही.

१८ ऑक्टोबर
डबी उघडली. आत मुंग्या.

दोन-चार नाही, रांग. कंडेन्सरचा कागद भिजून चिकट, तांब्यावर हिरवं. वास घेतला तर नारळ. रामाजींना बोलावलं. खंडेनवमीला एंजिन धुतलं, शेंदूर लावला, तुळशीचं पान ठेवलं आणि नारळ फोडला. डायनामोच्या चौथऱ्यावर. डबीच्या बरोब्बर वर. दरवर्षी तिथंच फोडतात. डबी तिथं बसवली मीच.

रामाजी म्हणाले, "अवो, देवाले वाह्यलेलं पानी हाये ते. त्यानं मशीन कशी बिघडन? इतके वर्सं झाले, इथंच नारळ फोडून राह्यलो. एकदा तरी एंजिन रुसलं काय?"
म्हटलं, एंजिन नाही रुसलं, डबी रुसली.
"मंग डबीचीच पूजा राह्यली असन."

जबलपूरच्या यादीत ऊन होतं, दमट हवा होती, हादरे होते, धूळ होती, खारट पाण्याचा फवारासुद्धा होता. नारळ नव्हता. वहीत लिहून ठेवला.

पण रामाजींचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांचा त्यांचा हात त्या एंजिनावर. जाताना म्हणाले, "तुमच्या दादाचं नाव माह्या हातानं गेलं काय, मिस्त्री?" नाही म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं नाही. ते मला खात राहील.

२२ ऑक्टोबर, सोमवार
शेटजींकडे गेलो. बुधवारी अर्धा तास एंजिन बंद ठेवा म्हणून. त्यांनी मला फाटकापाशी नेलं. कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार नाल्यापर्यंत. "मिस्त्री, यांना तू सांग आधा घंटा थांबा. मला तर खाऊन टाकतील. आणि तो रेडिओ कशावर चालतो? बॅटरीवर. बॅटरी कोण भरतं? माझा डायनामो. बॅटरी इतकी जुनी की तो बंद, तर पाच मिनिटांत तुझा रेडिओ पण बंद."
माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त कंटाळा आला.

२४ ऑक्टोबर, बुधवार
खरखर. रहीमचाचा आला, बसला, उठला. म्हणाला, "अल्ला को तो साफ सुनाई देता होंगा."

नवी डबी करायची तर कंडेन्सर दोनच उरले. एकच संधी म्हणायची. घाई केली तर तेही जातील.

२८ ऑक्टोबर, रविवार
पत्र्याची डबी, चहाची. आत कंडेन्सर आणि तारेचं वेटोळं. कंडेन्सरवर जवसाचं तेल लावलेलं कापड गुंडाळलं, वर मेण ओतलं. झाकणाला कथलाचा डाग दिला.

मग परीक्षा. इथे भट्टी कुठली? व. म्हणाली, चुलीच्या वैलावर ठेवा. सकाळच्या भाकरी होईपर्यंत डबी तिथं. तिनं एकेका भाकरीगणिक डबी फिरवली, मी सांगितलं नसताना. दमट पेटी म्हणून रांजणाखालची ओली वाळू. डबी फडक्यात बांधून वाळूत पुरली. आत्या म्हणाली, "हे काय पुरून राह्यले, नाळ काय?" व. हसली. किती दिवसांनी.

हलत्या पाटाचं जमत नव्हतं. रामाजी आपणहून आले. "माह्या भावाची बंडी रोहिणखेडले जाते अन् येते. आसाले बांधू. त्या रस्त्यावर माणसाचे दात पडतात."

३० ऑक्टोबर
डबी बंडीच्या आसाला बांधून रोहिणखेडला जाऊन आली. मीही गेलो. जाताना पाठ गेली, येताना उरलेलं गेलं. तिथल्या जुन्या मशिदीपाशी रहीमचाचा भेटला. त्याला बंडीखाली वाकून डबी दाखवली. त्यानं तिला हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग घरात नेऊन गूळ-पाणी दिलं. अजीजची खाट आत उभी करून ठेवली आहे, भिंतीला टेकून. म्हणाला, "आया तो बिछाना, नहीं तो खडीच रहेंगी."

डबी घरी येऊन मापली. ठीक आहे. झाकणाला एक बारीक भेग होती, पुन्हा डाग दिला.

३१ ऑक्टोबर, बुधवार
डबी अजून बसवली नाही. पुन्हा वाळूत आहे. व. म्हणाली, "काऊन नाही लावली?" म्हटलं, पूर्ण आठवडा दमट हवेत राहिली पाहिजे, नियम आहे. "कोनाचा नियम?" जबलपूरचा. "तं जबलपूरवाल्याईले कोनाच्या नावाची वाट पाह्याची नाही वाटते."
चावडीत खरखरच.

तिचं बरोबर होतं. माझंही.

६ नोव्हेंबर, भाऊबीज
व. चा भाऊ वरवट बकालहून आला. ओवाळणीत लुगडं. जेवण झाल्यावर मला अंगणात बोलावलं. चांगला माणूस आहे, वाईट बोलणं त्यालाही जमत नव्हतं. "नारायणराव, या याद्याईमधी भाऊसाहेबाचं नाव आलं तं सोनंच. नाही आलं तं मी बहिणीले घरी घेऊन जातो. कपाळ पुसाचं का नाही ते वडीलधारे ठरवतीन. लोकं काय काय बोलून राह्यले, तुमाले मालूम असनच."
लोक काय बोलतात ते मला मालूम आहे. एका घरात दीर आणि भावजय, वर बहिरी आत्या. मी मान हलवली. त्याला वाटलं हो म्हटलं.

व. दाराआड होती. भांडी घासत होती, पण एकच भांडं.

७ नोव्हेंबर, बुधवार
दिवाळीचं जिन बंद. खरखर नाही. बॅटरीही नाही, भरणार कोण. रेडिओ मुका. सगळे अर्धा तास बसले आणि घरी गेले. असं फक्त आपल्याकडे होतं.

१३ नोव्हेंबर, मंगळवार
डबी बसवली, चौथऱ्यावर नाही, भिंतीला, डोक्याच्या वर. खाली कोळशानं लिहिलं: इथे नारळ फोडू नये. रामाजींना वाचता येत नाही. त्यांना तोंडीही सांगितलं. त्यांनी तिथं एक फूल खोचलं, कोरडं. कोरडं चालतं का विचारून.

१४ नोव्हेंबर, बुधवार
पहिली दहा मिनिटं स्वच्छ. 'अ' पासूनची नावं. मग हळूहळू खरखर, शेवटी पूर्वीसारखीच.

धावत जिनात गेलो. डबीला हात लावला तर टेकवत नाही. भिंतीपलीकडे एंजिनाचं धुराडं. खाली जमिनीवर मेणाचे थेंब, मेण वितळून झाकणाच्या कडेनं गळलेलं. वर कापसाच्या धुळीचा थर, गोधडी पांघरल्यासारखा. उष्णता बाहेर जाणार कुठून? चुलीच्या वैलावर एक सकाळ ठेवली आणि भट्टी झाली म्हणून समजलो. जबलपूरला सोळा तास ठेवायचो. थकलो होतो, दुसरं कारण नाही. चूक माझी.

ताप आहे. आज आणखी नको.

१५ नोव्हेंबर
उघडली. एक कंडेन्सर मेला. एक जिवंत.

रहीमचाचाची बातमी: त्याच्या गावच्या हसनचं पत्र आलं. छावणीत त्याला सांगितलं म्हणे, नाव पहिल्याच बुधवारी वाचलं होतं; तेव्हाच्या खरखरीत कुणाला ऐकू आलं नाही. पत्र यायला एवढे दिवस. म्हणजे खरखरीत गेलेली नावं खरीच गेली होती. व. ला सांगितलं तर तिनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार
एकाच कंडेन्सरवर. मेण काढलं. कासाराकडून बांगडीची लाख आणली, त्यात राळ आणि थोडं जवसाचं तेल, म्हणजे तडकणार नाही. डबी भिंतीपासून चार बोटं सुटी, मागून हवा. धुळीसाठी वर तिरकं पत्र्याचं छप्पर, रुई घसरून पडेल. रामाजी रोज सकाळी पिसानं झाडणार. भट्टी: या वेळी पूर्ण एक दिवस आणि एक रात्र, चूल विझू दिली नाही. व. नं लाकडं सारली. आत्यानंही एकदा.

२१ नोव्हेंबर, बुधवार
स्वच्छ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

शेवटचं नाव वाचेपर्यंत एंजिन चालू होतं, दिवे लागलेले होते, आणि रेडिओतला माणूस जणू ओट्यावर बसून बोलत होता. अडखळला तरी कळत होतं. यवतमाळचे तिघं, अमरावतीचे, खामगावचा एक. अजीज नाही. दादा नाही.

कुणी माझी पाठ थोपटली. रामाजींनी सगळ्यांना सांगितलं की ही डबी मिस्त्रींची. मला पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी सांगितलं, पुढच्या बुधवारी आतापर्यंतच्या सगळ्या याद्या पहिल्यापासून पुन्हा वाचतील. त्यानंतर वाचन बंद. लोकांना आनंद झाला. मलाही आधी झालाच.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
व. दोन दिवस बोलली नाही. आज पाणी तापवताना, माझ्याकडे न बघता:

"भाऊजी, खरखर होती तवा बरं होतं."
मी चुलीत लाकूड सारलं.
"माह्यं कुकू त्या खरखरीवर हाये. थ्या चार बुधवारातच त्याईचं नाव होतं, मले पक्कं मालूम हाये. आता सगळे नावं पुन्हा वाचतीन, अन् एकही खाली नाही पडणार. मंग मी काय धरू?"

मग म्हणाली, एकच बुधवार. डबी एकच बुधवार काढून ठेवा. कोनाले समजते? बिघडली म्हणा. आधी दोनदा बिघडलीच होती.

चूल धूर करत होती, तिचे डोळे त्यामुळेही ओले असतील. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो. मलाही दादाला ऐकायचं नाही. न ऐकलेला दादा अजून सिंगापुरात चहा पितो आहे.

२६ नोव्हेंबर, सोमवार
डबी तपासली. गरम पण हात टेकतो. लाख तडकली नाही. आत कोरडं. धूळ नाही. माझ्या हातून दोन वर्षांत एवढी चांगली डबी झाली नव्हती, जबलपूरलाही नाही. एक नट ढिला केला की काम संपलं.

रामाजींनी फूल बदललं.

२८ नोव्हेंबर, बुधवार, दुपार
व. नं डोक्यावरून पाणी घेतलं. हिरव्या बांगड्या. कुंकू नेहमीपेक्षा ठसठशीत. आरशासमोर बराच वेळ होती. आत्यानं तिला हाक मारली, कामाची नव्हे, उगीच.

चार वाजता चावडीवरून गेलो. रहीमचाचा पायरीवर. सकाळीच येऊन बसलेला, पायाला फडकं बांधलेलं. रस्त्यात ठेच लागली असं म्हणाला. मला बघून उठायला लागला, मी बसवलं.
"मिस्त्री, आज साफ सुनाई देंगा ना? मैं तो पहलेवाले दिन भी आया था, लेकिन कुछ समझा नहीं. आज एक बार अजीजका सुन लिया, हाँ तो हाँ, नहीं तो नहीं, तो वो खाट का कुछ करूं."

हाव म्हटलं.

शुक्रवारी वहिनीला हो म्हटलं, आज चाचाला. पाना खिशात आहे. इथे एंजिनघरात बसून हे लिहितो आहे, रामाजी पट्ट्याला राळ लावताहेत. विचारतात, "मिस्त्री, डबीले काही करायचं हाये काय?"
बघतो म्हटलं. पाच वाजले. एंजिन पुन्हा सुरू झालं.